६० हर्ट्झच्या मॉनिटरमधून ७५ काढताना: मॉनिटर ओव्हरक्लॉकिंग आणि ड्रायव्हरची अडवणूक, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला आमच्या इमारतीत कुणाचा कॉम्प्युटर अडला की पहिली हाक मला येते. गेल्या काही वर्षांत मॉनिटरच्या रिफ्रेश रेटबद्दल, म्हणजे तो सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याबद्दल, तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आले की उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. वाचण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. मॉनिटर, केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) अशी ही चौघांची साखळी आहे. त्यातलं कुणीतरी एकच ‘नाही’ म्हणत असतं आणि आपण भलत्यालाच बदलायला निघतो. नकार कुणाचा आहे ते कळलं की निम्मं काम झालं.

ओव्हरक्लॉक करतो म्हणजे नेमकं काय करतो?

६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला १६.६७ मिलिसेकंद येतात. ७५ केले की १३.३३ उरतात. तेवढ्या वेळात आतल्या बोर्डाने पुढचं चित्र घेऊन पॅनेलवर उतरवायचं. बऱ्याच पॅनेलना ते जमतं, फक्त कंपनीने त्याची हमी दिलेली नसते.

मॉनिटर जोडला की तो कॉम्प्युटरला आपलं ओळखपत्र दाखवतो. त्याला ईडीआयडी म्हणतात, आणि त्याचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा असतो. मला कुठली रिझोल्यूशन्स चालतात, किती हर्ट्झपर्यंत, जास्तीत जास्त पिक्सेल क्लॉक (सेकंदाला पाठवायचे पिक्सेल) किती, एवढं त्यात लिहिलेलं असतं. ड्रायव्हर ते वाचून तुमच्यापुढे यादी ठेवतो. आपण त्या यादीत एक ओळ वाढवतो, तीही कॉम्प्युटरच्या बाजूला. मॉनिटरच्या आत काहीही लिहिलं जात नाही.

६० चे ७५ केल्याने डोळ्यांना फरक दिसतो का?

दिसतो. माऊसचा बाण गोल फिरवून बघा, किंवा लांबलचक पान सरकवताना अक्षरं वाचायचा प्रयत्न करा. गेममध्ये मात्र ग्राफिक्स कार्ड तेवढ्या फ्रेम्स देत असेल तरच. कार्ड ४५ वर धापा टाकत असेल तर आधी गेमची सेटिंग्ज कमी करा, मॉनिटरला हात लावू नका.

पण ७५ चा मला सर्वात आवडलेला फायदा गेममधला नाही. आपल्याकडचं टीव्ही प्रक्षेपण पहिल्यापासून सेकंदाला २५ फ्रेम्सच्या पद्धतीचं, त्यामुळे मराठी मालिका बहुतेक २५ च्याच असतात. ६० ला २५ ने भाग जात नाही. मग एक फ्रेम दोनदा दिसते, दुसरी तीनदा, आणि कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं. ७५ वर प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा येते. मी पहिल्यांदा ७५ लावले त्या रात्री आई कॉम्प्युटरवर मालिका बघत होती. शेवटी खालून वर जाणारी नावं बघून ती म्हणाली, “आज अक्षरं थरथरत नाहीयेत रे.” तिला मी काही सांगितलेलंही नव्हतं.

सिनेमा २४ फ्रेम्सचा असतो. त्याला ७२ हर्ट्झ बरोबर बसतात, तिथेही तीनदा. म्हणून मी ७२ आणि ७५ अशा दोन्ही नोंदी करून ठेवतो आणि काय बघायचंय त्याप्रमाणे बदलतो.

घरातली वीज ५० हर्ट्झची आहे. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

नाही. तुमच्याकडे बेस्टची वीज असो, अदानीची, टाटांची की महावितरणची, ती २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचीच येते. मॉनिटरचा पॉवर सप्लाय तिचं डीसी करून टाकतो. चित्राचा वेग त्यानंतर ठरतो.

मॉनिटर जळेल का? वॉरंटीचं काय?

जुन्या काचेच्या, म्हणजे सीआरटी मॉनिटरला चुकीच्या फ्रीक्वेन्सीने खरंच इजा होऊ शकायची. ती भीती आजही अनेकांच्या मनात आहे. एलसीडीला झेपलं नाही तर तो ‘आउट ऑफ रेंज’ किंवा ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ अशी पाटी दाखवतो आणि थांबतो. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही, कारण आतला बोर्ड थोडा जास्त राबतो आणि तापतो. मे महिन्यात बंद खोलीत मॉनिटर भिंतीला चिकटवून ठेवला असेल तर आधी तो चार बोटं पुढे ओढा.

काही मॉनिटरमध्ये कंपनीनेच मेनूत ओव्हरक्लॉकचा पर्याय दिलेला असतो. असुसचा पीजी२७९क्यू असाच १४४ वरून १६५ वर जायचा. तिथे कंपनी स्वतः पाठीशी आहे. बाकी ठिकाणी वाढवलेल्या वेगाची जबाबदारी तुमची, हे धरून चाला.

सुरुवात कुठून करू?

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये ‘चेंज रिझोल्यूशन’, मग ‘कस्टमाइझ’, मग ‘क्रिएट कस्टम रिझोल्यूशन’. रिफ्रेश रेटच्या रकान्यात नवा आकडा लिहून ‘टेस्ट’ दाबा. चित्र आलं नाही तर थोड्या वेळात ते आपोआप जुन्या जागी येतं, तोवर कशालाही हात लावू नका. एएमडीच्या अ‍ॅड्रेनलिन या सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेच्या पानावर ‘कस्टम रिझोल्यूशन’ आहे. इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमध्येही डिस्प्लेखाली तोच पर्याय मिळतो.

उडी मारू नका. ६० नंतर ६५, मग ७०, ७२, ७५. प्रत्येक पायरीवर पाच-दहा मिनिटं काम करून बघा. जिथे पहिली गडबड दिसेल तिथून दोन-तीन हर्ट्झ खाली या.

६६ पर्यंत जातं, ६७ टाकले की नकार. असं का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याचं उत्तर कागदावर मांडून दाखवता येतं.

१९२० बाय १०८० हे झालं दिसणारं चित्र. पण केबलमधून त्याहून मोठं चित्र जातं. प्रत्येक ओळीच्या शेवटी आणि प्रत्येक चित्राच्या खाली थोडी रिकामी जागा सोडलेली असते, तिला ब्लँकिंग म्हणतात. टीव्हीच्या नेहमीच्या मापात ती धरून एकूण आकार २२०० बाय ११२५ होतो. याला ६० ने गुणलं की १४.८५ कोटी, म्हणजे १४८.५ मेगाहर्ट्झ. हाच पिक्सेल क्लॉक.

आता सिंगल लिंक डीव्हीआय या जुन्या पोर्टची आणि सुरुवातीच्या एचडीएमआयची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ. १६५ ला २२०० गुणिले ११२५ ने भागा, उत्तर येतं ६६.६७. म्हणून तुमची गाडी ६६ वर अडते. पॅनेल बिचारं तयार असतं, पोर्टवर दार बंद होतं.

मग रिकामी जागा कमी करायची. टायमिंगमध्ये, म्हणजे चित्र आणि रिकाम्या जागेच्या मापांत, ‘सीव्हीटी रिड्यूस्ड ब्लँक’ किंवा ‘एलसीडी रिड्यूस्ड’ निवडून एकूण आकार २०८० बाय ११११ ठेवला की त्याच १६५ मध्ये ७१ हर्ट्झ बसतात. हाताने २००० बाय ११०० केलं तर गुणाकार होतो २२ लाख, त्याला ७५ ने गुणा: बरोबर १६.५ कोटी. सगळे मॉनिटर इतकं घट्ट टायमिंग स्वीकारत नाहीत. काहींचं चित्र बाजूला सरकतं, काही काळे पडतात. पण जे स्वीकारतात ते जुन्या डीव्हीआय केबलवरही ७५ ला चालतात, हे मी आमच्याच घरात बघितलंय.

पोर्ट नवा असेल तर ही कसरत करायची वेळच येत नाही. ड्युअल लिंक डीव्हीआयला ३३०, एचडीएमआय १.४ ला ३४० आणि २.० ला ६०० मेगाहर्ट्झची मुभा आहे. फक्त ही कमाल मर्यादा आहे. प्रत्येक मॉनिटरचा पोर्ट तेवढ्या क्षमतेचा बनवलेला असतोच असं नाही.

नकार कोण देतंय हे ओळखायचं कसं?

पडदा न लुकलुकता ताबडतोब चूक दाखवणारा संदेश आला, तर नकार ड्रायव्हरचा आहे. मॉनिटरपर्यंत सिग्नल गेलेलाच नाही. इंटेलच्या जुन्या पॅनेलमध्ये बँडविड्थ ओलांडली असा संदेश यायचा, तो याच जातीचा.

पडदा काळा होऊन मॉनिटरची स्वतःची चौकट आली, तिच्यात ‘आउट ऑफ रेंज’ लिहिलं असेल, तर मॉनिटर नाही म्हणतोय.

चित्र आलं पण त्यावर हिरवे-पांढरे ठिपके चमकताहेत, मध्येच क्षणभर काळोख होतोय, तर आधी केबलवर संशय घ्या. काळ्या रंगाचं चित्र लावून जवळून बघा, ठिपके लगेच सापडतात.

आणि चित्र स्वच्छ आलं, सेटिंग्जमध्ये ७५ लिहून आलं, तरी हालचाल विचित्र वाटतेय, तर पॅनेल फ्रेम्स गाळतंय. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

ड्रायव्हरच आडवा येत असेल तर पुढे काय?

सीआरयू, म्हणजे कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी, हा छोटासा मोफत प्रोग्रॅम आहे. तो विंडोजच्या रजिस्ट्रीत मॉनिटरचं दुरुस्त केलेलं ओळखपत्र ठेवतो आणि ड्रायव्हर ते खरं मानतो. वरच्या यादीतून आपला मॉनिटर निवडायचा, ‘डिटेल्ड रिझोल्यूशन्स’मध्ये नवी नोंद घालायची, आणि सोबत आलेली रीस्टार्ट६४ ही फाइल चालवायची. पहिली नोंद ६० चीच राहू द्या. पहिल्या नोंदीला विंडोज मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन समजतं, त्यामुळे प्रयोगाचा आकडा कायम तिच्याखाली.

तरीही १६५ ची भिंत हलली नाही तर ती ड्रायव्हरच्या फाइलमध्येच आहे. जुन्या एएमडी आणि एनव्हिडिया कार्डांसाठी पिक्सेल क्लॉक पॅचर नावाचं साधन मिळतं. साधारण २०१२-१३ च्या सुमारास कोरियन बनावटीच्या कॅटलीप आणि क्यूनिक्स या १४४० पी मॉनिटरवर लोक ९६ ते १२० हर्ट्झ काढायचे, ते याच्याच जोरावर. पण पॅचर ड्रायव्हरची फाइलच बदलतो. ड्रायव्हर अपडेट झाला की पुन्हा चालवावा लागतो. ऑनलाइन गेममधली फसवणूक पकडणारी यंत्रणा अशा फाइलला हरकत घेऊ शकते, आणि संरक्षित व्हिडिओ चालेनासे होऊ शकतात. आजच्या कार्डावर डिस्प्लेपोर्ट हा नवा, जास्त क्षमतेचा पोर्ट उपलब्ध असताना पॅचरच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये डिस्प्लेचा विभागच दिसत नाही.

डेस्कटॉप असेल तर उठा आणि सीपीयूच्या मागे बघा. केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टात असते, दहातल्या निदान काही घरी तरी मला हेच सापडलंय. लॅपटॉप असेल तर त्याचा पडदा बहुधा इंटेल किंवा एएमडीच्या अंगभूत ग्राफिक्सला जोडलेला असतो. एनव्हिडिया फक्त चित्र तयार करून त्याच्या हाती देतं, म्हणून बदल करायचा तर अंगभूत ग्राफिक्सच्या पॅनेलमध्ये करावा लागतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ दिसत असेल तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही.

स्क्रीन काळी झाली आणि परत येत नाही!

घाबरू नका, मीही यातून गेलोय. एकदा घाईत सीआरयूमध्ये पहिल्याच नोंदीत ८५ लिहून मोकळा झालो. घरात एकच मॉनिटर, रात्रीचे साडेदहा, आणि सकाळी बहिणीला नोकरीचा अर्ज भरायचा होता. शेवटी शेजारच्या काकूंचं दार वाजवलं, सीपीयू उचलून त्यांच्या टीव्हीजवळ नेला आणि एचडीएमआय लावली. चित्र लगेच आलं, कारण ती चुकीची नोंद फक्त माझ्या मॉनिटरच्या नावावर होती. तेव्हापासून पहिली नोंद मी कधीच बदलत नाही.

क्रमाने हे करून बघा. आधी १५ सेकंद थांबा, विंडोज स्वतःच मागे येण्याची शक्यता असते. सीआरयूचं रीस्टार्ट६४ चालू असेल तर एफ८ दाबा, तो दुरुस्तीच्या अवस्थेत जातो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबलं की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. त्याने गोठलेली स्क्रीन सुटते, पण चुकीचा हर्ट्झ त्याने पुसला जात नाही. तोवर काही झालं नाही तर दुसरा मॉनिटर किंवा टीव्ही जोडा. तोही नसेल तर विंडोज सुरू होताना दोन-तीनदा पॉवर बटण धरून बंद करा म्हणजे दुरुस्तीचा पडदा येईल. तिथून ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, आणि मग ३ दाबून कमी रिझोल्यूशन किंवा ४ दाबून सेफ मोड. तिथे सीआरयूची रीसेट-ऑल ही फाइल चालवा. ही फाइल आधीच डेस्कटॉपवर काढून ठेवलेली असेल तर जीव भांड्यात पडतो.

सेटिंग्जमध्ये ७५ दिसतंय. म्हणजे झालं ना?

नाही झालं. मॉनिटर ७५ चा सिग्नल घेतो आणि पॅनेलवर ६० च चित्रं दाखवतो, असं बरेचदा होतं. आकडा वाढलेला आणि हालचाल आधीपेक्षा वाईट.

तपासायला टेस्टयूएफओ या संकेतस्थळावर फ्रेम स्किपिंगची चाचणी आहे. काळ्या पडद्यावर चौकोनांची जाळी असते आणि एकेका फ्रेमला एकेक चौकोन ओळीने उजळत जातो. खोलीतला दिवा मालवा. फोन पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून स्थिर करा, कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/१० सेकंद ठेवा आणि फोटो काढा. ७५ वर सात-आठ चौकोन सलग उजळलेले दिसले पाहिजेत, दातांच्या ओळीसारखे. मध्येच एखादा दात पडलेला दिसला तर फ्रेम गळतेय. पाच-सहा फोटो काढा, एकावर विसंबू नका. चाचणीच्या वेळी ब्राउझरमध्ये दुसरं काही चालू नको, नाहीतर ब्राउझर अडखळतो आणि दोष मॉनिटरला लागतो.

गळणारे ७५ आणि न गळणारे ७१ यांत मी डोळे झाकून ७१ घेईन.

वेग वाढवल्यावर रंग फिके पडले. काळा रंग राखाडी दिसतोय.

ड्रायव्हरने मॉनिटरला टीव्ही समजून रंगांची मर्यादित पट्टी लावली असेल. एनव्हिडियामध्ये त्याच रिझोल्यूशनच्या पानावर खाली ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ आहे, तिथे ‘फुल’ करा. एएमडीमध्ये पिक्सेल फॉरमॅटमध्ये ‘आरजीबी फुल’ निवडा. अक्षरांच्या कडा, विशेषतः लाल-निळ्या, पुसट झाल्या असतील तर रंगाचा फॉरमॅट आरजीबीवरून ४:२:२ किंवा ४:२:० वर (यांत रंगाची माहिती कमी पाठवली जाते) उतरला आहे का बघा.

हलणाऱ्या वस्तूमागे सावली किंवा उजळ किनार दिसत असेल तर मॉनिटरच्या मेनूतलं ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलचा रंग लवकर बदलायला लावणारी सेटिंग) एक पायरी वर-खाली करून पाहा. ते मूळ वेगासाठी जुळवलेलं असतं.

काहीच चालू नसताना ग्राफिक्स कार्ड तापतंय.

मुंबईच्या उन्हाळ्यात ही तक्रार हमखास येते, आणि तिचं मूळ वरच्या घट्ट टायमिंगमध्ये असू शकतं. दोन चित्रांमधल्या रिकाम्या क्षणात कार्ड आपल्या मेमरीचा वेग कमी-जास्त करतं. नेहमीच्या ६० हर्ट्झला तो क्षण ६६७ मायक्रोसेकंदांचा असतो. आपण २००० बाय ११०० केलं तेव्हा तो २४२ वर आला. एवढ्या वेळात कार्डाला वेग बदलता येत नाही, मग मेमरी सतत पूर्ण वेगाने धावत राहते. नाहीतर वेग बदलताना पडदा एक क्षण झटका देतो.

जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मेमरी क्लॉक बघा. नुसत्या डेस्कटॉपवरही तो कमाल आकड्यावर असेल तर उभं ब्लँकिंग (चित्राखालची रिकामी जागा) वाढवा, गरज पडली तर दोन-चार हर्ट्झ सोडा.

‘डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पॉन्डिंग’ असा संदेश येतो.

कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद होते. मॉनिटरचा हर्ट्झ याला क्वचितच कारण असतो. कार्डाचं ओव्हरक्लॉक काढा, तापमान बघा, आणि डीडीयूने (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) जुना ड्रायव्हर पूर्ण पुसून नवा घाला.

माझा मॉनिटर मुळातच १४४ चा आहे, पण ६० च दिसतात.

हे ओव्हरक्लॉकिंगचं प्रकरण नाही. विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले पानावर जाऊन १४४ निवडा, तो आपोआप निवडला जात नाही. यादीत १२० पर्यंतच असेल तर तुम्ही बहुधा एचडीएमआय १.४ वर आहात: १२० ला २९७ मेगाहर्ट्झ लागतात आणि ते बसतात, १४४ ला ३५६ लागतात आणि ते बसत नाहीत. डिस्प्लेपोर्ट केबल लावा.

यादीत ५९ का दिसतं?

ते ५९.९४ आहे, अमेरिकन टीव्ही पद्धतीतून आलेलं. बिघाड नाही.

लॅमिंग्टन रोडवर केबल घेताना काय बघावं?

लांबी. दीड-दोन मीटरमध्ये काम होत असेल तर पाच मीटरची घेऊ नका. वेष्टणावर मोठ्या अक्षरांत ‘४के’ लिहिलेली एक केबल मी तिथूनच आणली होती. ती ६० ला व्यवस्थित, ७० ला ठिपके. दुकानात मॉनिटर जोडलेला असतो, तर तिथेच लावून दाखवायला सांगा आणि बदलून देणार का ते आधी विचारा. शक्यतो अ‍ॅडॉप्टर टाळा. डिस्प्लेपोर्टचं एचडीएमआय करणारे साधे अ‍ॅडॉप्टर अनेकदा त्याच १६५ मेगाहर्ट्झवर अडकतात.

जुनी केबल फेकण्याआधी तिचं टोक उजेडात धरून बघा. समुद्राजवळच्या घरांत पावसाळ्यानंतर सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा, वाळू द्या, मग लावा.

सगळं मुळात होतं तसं करायचंय.

एनव्हिडिया किंवा एएमडीच्या पॅनेलमधून केलेली कस्टम नोंद तिथूनच पुसा. सीआरयू वापरलं असेल तर रीसेट-ऑल चालवून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. पॅचर वापरला असेल तर ड्रायव्हर नव्याने बसवा. मॉनिटर विकायचा असेल तर त्यात काही बदलायचं नाही, तो दुसऱ्या घरी जाऊन आपलं मूळ ओळखपत्रच दाखवेल.